गिरणगावाच्या संग्रहालयात खानावळवालीची खोलीही असू द्या

माननीय आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका, आणि काळाचौकीच्या वस्त्रोद्योग संग्रहालयाची आखणी करणारे सर्व अधिकारी, वास्तुरचनाकार व अभ्यासक यांस,

सविनय नमस्कार.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ च्या आवारात महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचे काम हाती घेतले, याचा लालबाग-परळमध्ये वाढलेल्या माझ्यासारख्या अनेकांना मनापासून आनंद आहे. तिथे साचे असतील, माग असतील, चिमणी आणि भोंगा असेल, संपांची छायाचित्रे असतील, आणि ते सारे असायलाच हवे. माझी विनंती एवढीच आहे की, ज्या बायकांनी आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत तीस-तीस, चाळीस-चाळीस गिरणी कामगारांना दोन्ही वेळ जेवू घातले, त्या खानावळवाल्यांनाही या संग्रहालयात कायमची आणि सन्मानाची जागा मिळावी. मी हे लिहिते आहे ते माझ्या आजीला स्मरून. ती २०२२ मध्ये वयाच्या ९३ व्या वर्षी गेली. तिच्या आयुष्याची चाळीसएक वर्षे लालबागच्या एका चाळीत खानावळ चालवण्यात गेली आणि उरलेली, खानावळ बंद झाली तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवायला बसवण्यात गेली.

गिरणगावाची घडी कशी बसली होती, हे आपल्यापैकी अभ्यासकांना ठाऊक आहेच; तरी खानावळीपुरते सांगते. १८५४ मध्ये ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन झाल्यापासून मुंबईला माणसे लागत गेली आणि ती आली रत्नागिरीतून, साताऱ्यातून, कोल्हापुरातून, घाटाच्या दोन्ही अंगांनी. त्यांतल्या बहुतेकांची बायकामुले गावीच राहिली, कारण गिरणीच्या पगारात मुंबईत बिऱ्हाड थाटणे परवडत नव्हते आणि गावची शेतीही कुणीतरी सांभाळायला हवी होती. एका गावाचे पंधरा-वीस, कधी त्याहून जास्त गडी मिळून एक खोली घेत, पाळीपाळीने त्याच जागेवर झोपत, आणि जेवायला खानावळीत जात. मालकाला हा कामगार स्वस्तात पडला, कारण त्याच्या घराचा भार गावाने उचलला आणि त्याच्या पोटाचा भार कुणा दुसऱ्याच बाईने. दुसरीकडे, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात गिरण्यांच्या कामगारांत जवळजवळ पाचवा हिस्सा बायकांचा होता. तो पुढच्या दशकांत घटत घटत नाममात्र उरला. रिळे आणि वाइंडिंगच्या खात्यांतून बायकांचे काम गेले तेव्हा, ज्यांच्या नवऱ्याचा पगार पुरत नव्हता किंवा नवराच उरला नव्हता, त्यांच्यापुढे उपजीविकेच्या ज्या थोड्या वाटा राहिल्या, त्यांतली एक खानावळीची होती.

आजी १९४६ मध्ये, सतराव्या वर्षी, लग्न होऊन देवगड तालुक्यातल्या एका खेड्यातून मुंबईला आली. त्या काळी पडावातून आगबोटीवर चढायचे आणि भाऊच्या धक्क्याला उतरायचे. दुसऱ्याच वर्षी, १७ जुलै १९४७ ला, रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि शेकडो माणसे गेली. त्यानंतर कितीतरी वर्षे ती बोटीने गावी जायला तयार होत नसे, एवढे मात्र तिच्याकडून वारंवार ऐकलेले आहे. आजोबा एका गिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईत, होते. पाचसहा वर्षांत त्यांची छाती धरली, खोकला हटेना, खाडे वाढू लागले आणि पगार निम्म्यावर आला. तेव्हा आजीने गावच्याच चार गड्यांना जेवू घालायला सुरुवात केली. चाराचे आठ झाले, आठांचे वीस झाले. १९६० च्या आसपास आजोबा गेले तेव्हा तिच्या पदरी चार मुले होती आणि पंगतीला तीसच्या वर माणसे होती. तिचे नाव मी इथे लिहीत नाही. तिला नावाने हाक मारणारे मुंबईत कुणी नव्हतेच. कोकणातले गडी तिला वयनी म्हणत आणि घाटावरचे मावशी.

तिचा दिवस गिरणीच्या तीन पाळ्यांवर बांधलेला होता. पहिली पाळी सकाळी सातला लागे, तेव्हा साडेसहाच्या आत डबे भरून तयार हवेत, म्हणून ती पहाटे चारला उठे. सातला रात्रपाळी सुटली की ते गडी जेवायला येत, कारण त्यांचे रात्रीचे जेवण म्हणजे ते. दुपारी दुसरी पाळीवाले जेवून साडेतीनच्या भोंग्याला निघत, त्याच सुमारास पहिली पाळीवाले परत येत. रात्री दहाच्या सुमारास रात्रपाळीवाले जेवून जात आणि बाराला दुसरी पाळी सुटल्यावर शेवटची पंगत बसे. ताटे घासून, मोरी धुऊन, उद्याची डाळ भिजत घालून ती एकच्या पुढे आडवी होई. खोलीत एका वेळी आठ माणसे बसत, बाकीची गॅलरीत. मुले पोटमाळ्यावर अभ्यास करत आणि तिथेच झोपत. पाणी पहाटेच्या नळाला भरून ठेवावे लागे. रॉकेल आणि धान्य रेशनवर, आणि रेशनकार्डावर तर फक्त घरची माणसे. पंगतीतल्या तीस माणसांचे तांदूळ बाजारभावाने, वाण्याच्या उधारीवर आणावे लागत. १९७२ च्या दुष्काळानंतर रेशनवर परदेशातून आलेली मिलो ज्वारी मिळू लागली, तिच्या भाकऱ्या थापताना मोडत. ती गव्हाचे पीठ मिसळून त्या कशाबशा जमवी आणि वाढताना आधीच सांगून टाकी की आज भाकरी चांगली झालेली नाही.

या रहाटगाडग्यात आदरातिथ्याला सवड कुठून मिळत असेल, असे कुणालाही वाटेल. पण आजीचे आदरातिथ्य बारीकसारीक गोष्टींत होते आणि त्या गोष्टींना पैसा कमी, लक्ष जास्त लागत होते. कोकणातल्यांना भात आणि सार हवे असे, घाटावरच्यांना भाकरीशिवाय जेवल्यासारखे वाटत नसे. महिन्याचे पैसे सगळ्यांचे सारखेच असूनही ती दोन्ही करी. बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी मासळी किंवा मटण असे, पण पंगतीत तीन-चार माळकरी होते, त्यांच्यासाठी तिने वेगळा टोप, वेगळी पळी आणि चुलीची वेगळी बाजू राखून ठेवलेली होती. त्यांच्या एकादशीला ती न विसरता वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी करी. मे महिन्यात लालबागच्या मिरची गल्लीतून मिरच्या-धणे आणून वर्षाचा मसाला कांडून घेतला जाई. त्यातला एक भाग ती बाजूला काढी आणि गावी जाणाऱ्या गड्याच्या पिशवीत त्याच्या बायकोसाठी एक पुडी घाली. ज्या बाईला तिने कधी पाहिलेलेही नाही, तिचा नवरा आपल्या हातचे जेवतो, हे तिच्या मनात असे. त्या बायकांपैकी काहीजणी पुढे कधी मुंबईला आल्या की पहिल्यांदा आमच्या खोलीत येत.

गावाहून नवा पोरगा आला, की त्याच्या हातात कुणाचे तरी पत्र असे आणि खिशात काही नसे. त्याला बदली कामगार म्हणून नाव लागेपर्यंत कधी दोन महिने जात, कधी सहा. बदलीवाल्याला रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभे राहावे लागे आणि कुणी गैरहजर असेल तरच काम मिळे. या पोरांचे जेवण आजी हिशेबात धरत नसे. सकाळी काम न मिळता परत आलेला पोरगा दारात रेंगाळे, आत यायला शरमे, तेव्हा ती त्याला काम मिळाले का हे विचारत नसे. “आधी जेव, मगे काय ता सांग,” म्हणून ताट मांडून मोकळी होई. हे वाक्य तिने किती जणांना म्हटले असेल! माझ्या वडिलांनी मला त्यांतल्या कितीतरी जणांची नावे आणि खाती सांगितली होती: कोण पुढे ताणा खात्यात लागला, कोण जॉबर म्हणजे मुकादम झाला, कोण कंटाळून गावी परत गेला.

आजीला लिहिता येत नव्हते. भिंतीला लावलेल्या पुठ्ठ्यावर ती प्रत्येक गड्यासाठी एक खूण काढी. छत्री विसरणाऱ्याची छत्री, भजनात पखवाज वाजवणाऱ्याचा पखवाज, आणि खुणेपुढे खाड्यांच्या रेघा. पगार झाला की गडी येऊन आपापल्या खुणेपुढचा हिशेब तिच्याकडून ऐकत, आणि त्यावर कुणी वाद घातल्याचे आमच्या घरात कुणाला आठवत नाही. काही गडी पगारातली शिल्लकही तिच्याच पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायला देत. रुमालात बांधलेली, गाठ ज्याची त्याने मारलेली अशी ती पुरचुंडी ती मनीऑर्डरच्या दिवशी तशीच काढून देई. कुणी आजारी पडून केईएममध्ये दाखल झाला की तिथे पेज जाई, कुणी शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात असला की तिथेही जाई, आणि हे डबे पोचवायचे काम आम्हा घरच्यांपैकी कुणाचे तरी असे.

इथे दोन गोष्टी लिहिल्या नाहीत तर हे पत्र अपुरे राहील, आणि आजीवर अन्यायही होईल, कारण तिने स्वतः त्या कधी लपवल्या नाहीत. पहिली गोष्ट माझ्या मोठ्या आत्याची. ती अभ्यासात हुशार होती आणि सातवीनंतर तिची शाळा सुटली, कारण सकाळच्या शंभर-सव्वाशे चपात्या एका हाताने होत नव्हत्या. आजीच्या उदारपणाचा निम्मा भार आत्याने उचलला आणि त्याबद्दल तिला कुणी विचारलेले नव्हते. म्हातारपणी आजी हे बोलून दाखवी, आत्यासमोरच बोलून दाखवी. आत्या काही न म्हणता काम करत राही. माझ्या मते खानावळींचा इतिहास लिहायचा तर तो या मुलींच्या सुटलेल्या शाळांसकट लिहायला हवा.

दुसरी गोष्ट जातीची. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी भरताना तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, या कारणाने सवर्ण विणकर दलित कामगारांना विणाई खात्यात येऊ देत नसत, आणि १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. तोंडाचा हा विटाळ खानावळींतही होताच. खानावळी गावाच्या आणि जातीच्या असत, आणि आजीची पंगतही पहिली कितीतरी वर्षे तशीच होती. ती बदलली ती सावकाश, आधी माझ्या वडिलांच्या मित्रांमुळे, मग युनियनच्या माणसांमुळे, आणि पुरती बदलली ती बेचाळीस दिवसांच्या संपात. १९७४ च्या त्या संपात रोज नवी माणसे बैठकीनंतर जेवायला येत, आणि कुणाचे गाव-घराणे विचारायचे नाही असे आजीने एके दिवशी ठरवले. काही जुन्या गड्यांनी दुसरी खानावळ धरली. तिने त्यांना थांबवले नाही आणि पंगतही बदलली नाही. मला विचाराल तर तिच्या सगळ्या आयुष्यात तिने केलेले सर्वांत कठीण काम हे होते, कारण त्यात तिला बाहेरच्यांशी नव्हे, स्वतःच्या वळणाशी झगडावे लागले.

त्याच संपात खानावळवाल्यांनी उधारीवर जेवू घातले म्हणून हजारो कामगार टिकू शकले, आणि संप मिटल्यावर कर्जाच्या गर्तेत राहिल्या त्या खानावळवाल्या. सावकाराचे व्याज महिन्याला शेकडा दहापर्यंत गेलेले आमच्या घराने पाहिले आहे. हे ध्यानात घेऊन कामगार चळवळीतल्या कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ मध्येच झालेले होते, पण खानावळ चालवणाऱ्या बाईकडे तारण ठेवायला काही नाही, दुकानाचा परवाना नाही, सही येत नाही, तर तिला बँक दारात कशी उभी करणार? मंडळाने बायकांचे गट केले, एकीची हमी दुसरीने घेतली आणि बँकांना पटवून दिले की या बायका पैसे बुडवत नाहीत. आजीला मिळालेले पहिले कर्ज तिने भांडी आणि दोन मोठे स्टोव्ह घ्यायला वापरले. अंगठा उठवायला लागू नये म्हणून ती चाळिशी उलटल्यावर सही करायला शिकली. खानावळवाली ही कुणाची दयाळू वहिनी-मावशी असण्याबरोबरच कष्टकरी आहे, हे महाराष्ट्राला पहिल्यांदा सांगितले ते या चळवळीने, आणि तुमच्या दालनात त्या चळवळीचा उल्लेख ठळकपणे यावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

१८ जानेवारी १९८२ ला, सोमवारी, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. गिरणगावच त्याच्याभोवती विरत गेले. आजीला वाटले होते की महिना दोन महिने चालेल. ज्यांची गावी शेती होती ते हळूहळू निघून गेले आणि जाताना शरमेने तोंड चुकवून गेले. ज्यांना गावी काही नव्हते ते राहिले, आणि ते रोज जेवायला येत. आजीने आधी वाण्याची उधारी वाढवली, मग पाटल्या गहाण टाकल्या, मग तांब्याची मोठी भांडी विकली. मटण-मासळी बंद झाली, पुढे भात एकाच वेळी झाला, डाळीत पाणी वाढत गेले. गावाहून परत येणारे गडी पोटलीत तांदूळ, कुळीथ, नाचणी असे काहीबाही आणत आणि तेच शिजे. तोवर खुणांच्या पुठ्ठ्याची जागा वहीने घेतली होती, ती धाकटी आत्या लिहीत असे. ती वही आमच्याकडे आहे. त्यात ऑक्टोबर १९८२ पर्यंतच्या नोंदी आहेत. त्यानंतर लिहायचे आजीनेच बंद करायला सांगितले, कारण लिहिले की मागावेसे वाटेल, असे तिचे म्हणणे होते. जेवणे मात्र चालू होती. पंगत लहान होत गेली तरी पुढचे वर्षभर ती एकही दिवस मोडली नाही.

पुढचा काळ मी थोडक्यात सांगते. गडी पांगले, कुणी वॉचमन झाले, कुणी भाजीची हातगाडी लावली, कुणाचा पत्ताच लागला नाही. काहींनी वर्षांनी पैसे आणून दिले. एकाने कोरेगावकडून घेवड्याचे पोते पाठवले, ते कित्येक वर्षे दर हंगामात येत राहिले. बहुतेकांना काहीच देणे झाले नाही. आमच्या घरी कुणी कधी ‘बुडवले’ हा शब्द काढला तर आजी तो माणूस उठून जाईपर्यंत बोलत नसे. खानावळ १९९५ च्या सुमारास बंद झाली. गिरण्यांच्या जमिनींवर उंच इमारती आल्या, आमच्या चाळीचाही पुनर्विकास झाला आणि आजी सतराव्या मजल्यावर राहायला गेली. तिथे शेजारची दारे बंद असत. तिने इमारतीच्या पहारेकऱ्याशी ओळख काढली. तो बिहारमधला, बायकामुले गावी ठेवून आलेला. त्याची पाळी कोणती हे ती रोज विचारून घेई आणि त्याप्रमाणे त्याचे ताट झाकून ठेवी. नव्वदीतही तिचे घड्याळ पाळ्यांचेच होते.

तिच्या तेराव्याला जे घडले, त्यातून हे पत्र लिहिण्याचे ठरले. देवगड-कणकवलीकडून आणि सातारा-पाटणकडून ऐंशीच्या घरातली माणसे एसटीने, रेल्वेने आली. काहींना मुलांनी हाताला धरून आणले होते. त्यांतल्या कित्येकांना आम्ही कधी पाहिलेलेही नव्हते. दिवसभर ते बोलत राहिले: कोणत्या गिरणीत कोणते खाते, तिकीट नंबर काय होता, पहिल्या रात्री ताटात काय होते, संपात कुणी किती दिवस काढले. एक जण म्हणाले की त्यांच्या बायकोची तीन बाळंतपणे गावी झाली आणि तिन्ही वेळा तार आधी वयनीच्या पत्त्यावर आली, कारण मुंबईत त्यांचा दुसरा पत्ताच नव्हता. त्या दिवशी माझ्या लक्षात आले की गिरणगावाच्या इतिहासाचा केवढा मोठा भाग या पंगतींत बसलेल्या माणसांच्या तोंडी आहे, आणि त्यांचे वय काय आहे.

महोदय, गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाच्या योजनेत १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर पटावर असलेल्यांचा विचार होतो. त्यासाठी तिकीट नंबर, पास, भविष्यनिर्वाह निधीच्या पावत्या असे पुरावे लागतात. खानावळवालीकडे असा कोणताच कागद नाही. ती कुठल्याही मस्टरवर नव्हती, कुठल्याही करारात नव्हती, संपाच्या मागण्यांत नव्हती. मी तिच्यासाठी घर किंवा भरपाई मागत नाही; तो वेगळा आणि मोठा विषय आहे. पण संग्रहालय हे ज्यांची नोंद झाली नाही त्यांची नोंद करण्याचे ठिकाण असते, म्हणून ही विनंती आपल्यासमोर ठेवते.

माझे म्हणणे असे आहे की संग्रहालयात एक खोली पुऱ्या मापाची उभी करावी: दहा बाय बारा, मोरी आणि पोटमाळ्यासकट, स्टोव्ह, परात, डब्यांची उतरंड आणि माळकऱ्यांचा वेगळा टोप यांसह, आणि पाहणाऱ्याला आत जाऊन बसता यावे, म्हणजे आठ माणसे तिथे कशी जेवत आणि चार मुले कशी झोपत हे त्याला अंगाने कळेल. त्या खोलीत तीन पाळ्यांचा दिवस दाखवावा, रेशनचे आणि वाण्याचे भाव दाखवावेत, सावकाराचे व्याज आणि बँकेचे कर्ज शेजारी-शेजारी मांडावे. या बायकांना अन्नपूर्णा देवी करून त्यांच्या तसबिरीला हार घालू नये. देवीला पगार लागत नाही आणि तिच्या मुलीची शाळा सुटत नाही. लालबाग, परळ, शिवडी, वरळी, नायगाव, डिलाईल रोड, भायखळा या सगळ्या भागांतल्या कुटुंबांकडून खानावळवाल्यांची नावे अर्ज मागवून घ्यावीत आणि ती भिंतीवर कोरावीत. संग्रहालयात उपाहारगृह होणार असेल तर ते एखाद्या बड्या कंपनीला न देता गिरणगावातल्या महिला बचत गटांना चालवायला द्यावे आणि तिथे खानावळीची थाळी मिळावी, भाताची आणि भाकरीचीही.

या सगळ्याआधी एक काम तातडीचे आहे. खानावळी चालवणाऱ्या ज्या थोड्या बायका आज हयात आहेत आणि त्यांच्या पंगतीला जेवलेले जे कामगार हयात आहेत, त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. इमारत उभी राहीपर्यंत त्या थांबू शकणार नाहीत. मुंबईतली समाजशास्त्राची आणि इतिहासाची महाविद्यालये यासाठी विद्यार्थी देऊ शकतील. आमच्या जुन्या चाळीतली आणि शेजारच्या चार चाळींतली कुटुंबे, तसेच गावोगावची ग्रामस्थ मंडळे माणसे शोधून द्यायला तयार आहेत, त्यांच्याशी मी बोललेली आहे.

आमच्या घरी आजीची परात, दोनांपैकी एक स्टोव्ह, खुणांचा एक पुठ्ठा आणि १९७६ पासूनच्या वह्या आहेत. हे सारे संग्रहालयाला विनामूल्य देण्यास आम्ही सर्व नातवंडे एकमताने राजी आहोत. अट एकच आहे: वह्यांतली गड्यांची नावे आणि त्यांच्यापुढच्या थकबाकीचे आकडे एकत्र प्रदर्शित केले जाऊ नयेत. या वस्तू कुणाकडे, कोणत्या नोंदीने सुपूर्द करायच्या, आणि आठवणींच्या ध्वनिमुद्रणासाठी महापालिकेकडून कुणाशी संपर्क साधायचा, हे कृपया लेखी कळवावे.

आपली नम्र,
लालबागमधील एका खानावळवालीची नात